अप्पाला फसवून दाखवा

भेंडीचं टोक मोडून बघणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. अप्पा टोक मोडतो आणि नजर ठेवतो भाजीवाल्याच्या तोंडावर. भेंडी जून असली तर ती मोडायच्या आत त्या तोंडावर कळतं, असा त्याचा सिद्धान्त आहे. पेट्रोल पंपावर तो गाडीतून खाली उतरतो, मीटरपाशी उभा राहतो आणि पंपावरच्या पोराला ऐकू जाईल इतक्या आवाजात "शून्य पाहिला" म्हणतो. गॅसचं सिलिंडर दारात आलं की आतून वजनकाटा बाहेर येतो. रिक्षात बसताच "कुठून नेणार?" हा त्याचा पहिला प्रश्न आणि उत्तर काहीही आलं तरी "तिकडून कशाला?" हा दुसरा.

अप्पाला कंजूष समजू नका. मित्राच्या बायकोच्या ऑपरेशनला त्याने चार लाख रुपये कागदाचा चिटोराही न करता दिलेले मला ठाऊक आहेत. पण किलोभर शेंगदाण्यांत वीस ग्रॅम कमी भरले तर हा माणूस रात्री उठून बसतो. दुःख वीस ग्रॅमचं नसतं. "त्याला वाटलं, याला कळणार नाही!" यातला जो 'याला' आहे, तो त्याला झोपू देत नाही. एकदा रिक्षावाल्याने वीस रुपये जास्त घेतले, तर तक्रार करायला अप्पा आरटीओत चार वेळा गेला. चारही वेळा रिक्षाने.

असा नमुना पुण्यातच पिकतो, असा उरलेल्या महाराष्ट्राचा समज आहे. तो चुकीचा आहे. अप्पा अकोल्याचा. पुण्याने फक्त धार लावली.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही कॉलेजातले चार मित्र सपत्नीक ग्रीसला गेलो. मन्या म्युनिकला असतो, तो दोन दिवस आधी पोचला; आम्ही तिघे पुण्याहून. निघण्यापूर्वी आम्ही सगळे काय बघायचं याचे व्हिडिओ बघत होतो आणि अप्पा कुठे कुठे फसवतात याचे. त्यामुळे ॲक्रोपोलिसवरचं देऊळ कोणत्या देवीचं, हे त्याला सांगता आलं नसतं. पण अथेन्सच्या विमानतळावरून शहरात यायचं टॅक्सीचं भाडं ठरवून दिलेलं असतं आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत ते जास्त असतं, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. आमचं सामान हातात आलं तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. अप्पाने आम्हा सगळ्यांना बाकावर बसवलं. त्या वीस मिनिटांत आम्ही जी कॉफी प्यायलो तिचे पैसे टॅक्सीत वाचलेल्या पैशांहून जास्त झाले, असं मन्याने नंतर मांडून दाखवलं. "कॉफी आपण स्वखुशीने प्यायलो," अप्पा म्हणाला. "तो मुद्दाच वेगळा."

अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीला ग्रीसमध्ये टपरीवर, बोटीवर सगळीकडे कमाल भाव ठरलेला आहे, अर्धा युरो. अप्पा प्रत्येक टपरीवर मुद्दाम विचारायचा, आणि टपरीवाल्याने खरोखरच अर्धा युरो सांगितला की त्याचं तोंड उतरायचं. पेपर फार सोपा निघाला की हुशार मुलाचं उतरतं तसं. इतका अभ्यास करून आला होता बिचारा.

अथेन्सहून आम्ही क्रीट बेटावर गेलो. मुक्काम हानियाला. तिथून एक दिवस लुत्रोला जाऊ, अशी टूम मन्याने काढली. लुत्रो हे क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावरचं चिमुकलं गाव. मागे उभा डोंगर, पुढे लिबियन समुद्र आणि गावाला गाडीरस्ताच नाही. बोटीने जा, नाहीतर डोंगरातल्या पायवाटेने. ऐकून आमच्या बायका हरखल्या. अप्पा गंभीर झाला.

"रस्ता नाही म्हणजे दुसरा पर्याय नाही. पर्याय नाही म्हणजे भाव दुप्पट," तो म्हणाला. "माथेरानला पाण्याची बाटली कितीला मिळते?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. अप्पाला होतं.

भाड्याची नऊ आसनी गाडी ताब्यात घेताना त्याने तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत व्हिडिओ काढला. मराठी समालोचनासह: "डावा मागचा दरवाजा, ओरखडा, बोटभर. बंपर, टवका, वाटाण्याएवढा." मग विम्यात गाडीचं पोट येत नाही असं कागदावर बारीक अक्षरात सापडलं, तेव्हा तो गाडीखाली झोपून पोटाचाही व्हिडिओ काढून आला. चावी देणारा तरुण हे सगळं हाताची घडी घालून पाहत होता. शेवटी त्यानेच अप्पाचा शर्ट मागून झटकून दिला.

हानियाहून पूर्वेला जाऊन व्रिसेसपाशी दक्षिणेकडे वळायचं. व्रिसेसचं दही प्रसिद्ध आहे. मेंढीच्या दुधाचं, सुरी उभी राहील इतकं घट्ट, वर मध. अप्पाच्या बायकोने, वहिनींनी, नुसतं "मध फार छान आहे हो" असं खुणेने सांगितलं तर दुकानातल्या बाईने येऊन सगळ्यांच्या वाडग्यांत आणखी एकेक पळी ओतली. "बिलात मध वेगळा येणार, बघ," अप्पा माझ्या कानात कुजबुजला. नाही आला. गाडीत बसल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

तिथून घाट सुरू होतो. लेफ्का ओरी म्हणजे पांढरे पर्वत. सर्वांत उंच शिखर 2,453 मीटर, कळसूबाईच्या दीडपट. मध्येच आस्किफूचं हिरवं पठार लागतं, मग इंब्रोसची घळ बाजूने साथ करते आणि एका वळणावर जमीन एकदम संपते. खाली निळा समुद्र, आणि त्याच्याकडे वेटोळी घेत उतरणारा रस्ता. आमच्याकडच्या आंबेनळी घाटाची ज्याला सवय आहे त्याला भीती वाटायचं कारण नाही, पण डोळे तरी मिटू नयेत. या सगळ्या मुलखाला स्फाकिया म्हणतात. रस्त्यावरच्या गावांच्या पाट्यांना भोकं पडलेली दिसली. बंदुकीच्या गोळ्यांची. इथले लोक नेमबाजीचा सराव पाट्यांवर करतात, मन्याने सांगितलं.

"आणि तक्रार कोणी करत नाही?" अप्पाने विचारलं.

"कोणाकडे करणार? तक्रार घेणाराही स्फाकियाचाच."

स्फाकियाच्या लोकांनी व्हेनिसवाल्यांना जुमानलं नाही, तुर्कांनाही धड जुमानलं नाही. वरच्या अनोपोली गावच्या दास्कालोयानिस नावाच्या जहाजमालकाने रशियाची मदत येणार या भरवशावर 1770 मध्ये तुर्कांविरुद्ध उठाव केला. मदत आलीच नाही. पुढच्या वर्षी हेराक्लिओनला त्याची जिवंतपणी कातडी सोलली. ऐकून आमच्या गाडीत शांतता पसरली. ती अप्पाने मोडली. "रशियाकडून लेखी घेतलं होतं का?"

मन्याने मग इथल्या घराण्यांच्या वैराची गोष्ट काढली. एकेक वैर पिढ्यान्‌पिढ्या चालायचं. आज्याचा सूड नातवाने घ्यायचा. अप्पा पहिल्यांदाच मनापासून खूश झाला. "म्हणजे हिशेब विसरत नाहीत," तो म्हणाला. "बरी माणसं दिसतात."

होरा स्फाकियोन हे खालचं बंदर. मे 1941 च्या अखेरीस जर्मनांनी क्रीट घेतल्यावर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे हजारो सैनिक हाच डोंगर पायी ओलांडून इथे आले आणि रात्रीच्या अंधारात युद्धनौकांवर चढले. हजारो मागेही राहिले, कैद झाले. बंदरावर त्यांचं स्मारक आहे, तिथे आम्ही थोडं थांबलो. मग तिकिटं. खिडकीतल्या बाईने तिकिटं दिली आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ न विचारताच एका चिठ्ठीवर लिहून दिली. वेळेखाली दोन रेघाही ओढल्या.

"तिने का लिहून दिली?" अप्पा.

"आपली बोट चुकू नये म्हणून."

"पण चुकली तर तिचं काय जातं?"

याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. चिठ्ठी त्याने पाकिटात ठेवली. पुरावा म्हणून.

बोट वीसेक मिनिटांत लुत्रोला जाते. डोंगर अंगावर येतात, एक टोक ओलांडलं की खाडीच्या काठाने ओळीने पांढरी घरं, निळ्या खिडक्या आणि त्यांच्या पायाशी काचेसारखं पाणी. मागचा डोंगर मात्र ठणठणीत उघडा, भाजलेल्या रंगाचा. हिवाळी वाऱ्यांपासून या खाडीला आडोसा आहे. म्हणून जुन्या काळी इथे जहाजं हिवाळा काढत. बायबलच्या नव्या करारात ज्या फीनिक्स बंदराचा उल्लेख आहे ते इथलंच असं मानतात. संत पॉलला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज या बंदराकडे निघालं होतं. पुढे जाऊ नका, असं पॉलने बजावलं होतं. ऐकलं कोणी नाही. वादळाने जहाज भरकटलं आणि पार माल्टाच्या किनाऱ्यावर जाऊन फुटलं. माझ्या बायकोने हे वाचून दाखवलं तेव्हा आम्ही सगळे पॉलच्या बाजूचे झालो. अप्पा एकटा कप्तानाच्या बाजूने. "फुकट सल्ला देणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?" तो म्हणाला.

लुत्रोत बघण्यासारखं काय आहे, असं विचाराल तर काही नाही. टेकाडावर तुर्कांच्या किल्ल्याचे अवशेष, 1821 च्या उठावाच्या वेळचं कारभाराचं एक घर, एक चर्च, खानावळी. मोटारी नाहीत, त्यामुळे आवाज नाही. गाव पाच मिनिटांत संपतं आणि मग माणसाला कळत नाही की आता करायचं काय. ज्यांना काहीही न करणं जमतं त्यांच्यासाठी ही जागा आहे. आमच्यात शिऱ्याला ते जन्मजात जमतं. त्याने बूट काढले, पाय पाण्यात सोडले आणि दुपारपर्यंत तो विषय संपवला.

अप्पाकडे काम होतं. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक असतो, तरी तिथे खाटा आणि छत्र्या मांडून भाडं घेतात. 2023 च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरच्या लोकांनी याविरुद्ध टॉवेल घेऊन मोर्चे काढले. किनारा आमचा, टॉवेल पसरायला तरी जागा ठेवा, म्हणाले. त्या चळवळीला 'टॉवेल चळवळ' असंच नाव पडलं. नंतर सरकारने नियम कडक केले आणि नागरिकांना तक्रार करता यावी म्हणून मायकोस्ट नावाचं ॲप काढलं. ते ॲप आमच्या आठ जणांत एकाच फोनमध्ये होतं. अप्पाने ग्रीसमधलं दुसरं काही डाउनलोड केलं नव्हतं.

लुत्रोचा किनारा म्हणजे गोट्यांची एक चिंचोळी पट्टी. अप्पाने ती पावलांनी मोजली. एकदा खाटांची बाजू, एकदा मोकळी. मग फोन काढून उभा राहिला. खाटा भाड्याने देणारी मुलगी सावलीत पुस्तक वाचत होती. भारतातून आलेले एक गृहस्थ भर उन्हात किनारा मोजताहेत, हे पाहून तिला वाटलं, पैसे द्यायचे नाहीत म्हणून बिचारे घुटमळताहेत. ती उठून आली. मोसम संपत आलाय, गिऱ्हाईक नाही, झोपा खुशाल, पैसे नकोत, असं तिने हसून सांगितलं आणि स्वतः छत्री उघडून दिली.

अप्पा त्या खाटेच्या कडेला बसला. टेकला नाही. दोन-तीन मिनिटांनी उठला आणि शेजारच्या गोट्यांवर टॉवेल पसरून, कायद्याने त्याच्या हक्काच्या जागेत, आडवा झाला. गोटे टोचत होते. सारखा कुशी बदलत होता. शेजारी खाट रिकामी, छत्री उघडी.

मला तेव्हाच शंका यायला लागली. न फसणाऱ्या माणसाला जगायला फसवणारा लागतो. सगळं आयुष्य त्याने ज्या कुस्तीची तयारी केली, त्या आखाड्यात समोर कोणी उतरतच नाही म्हटल्यावर तो लंगोट कसून नुसता उभा राहतो. वाईट दिसतं ते.

जेवायला आम्ही पाण्याच्या अगदी काठावरच्या खानावळीत बसलो. मालकीण साठीची, जाडजूड, ॲप्रनला हात पुसत आलेली. तिचा मुलगा टेबलं बघत होता. त्याला इंग्रजी येत होतं. बाई आम्हाला सगळ्यांनाच 'पेदी मू' म्हणत होती, म्हणजे बाळा. अप्पा छप्पन्न वर्षांचा.

मेन्यूकार्ड उघडलं आणि अप्पाला त्या देशात प्रथमच घरी आल्यासारखं वाटलं. ग्रीसची मेन्यूकार्डं खरोखरच वाचनीय असतात. पदार्थ संपले की खरा मजकूर सुरू होतो. गोठवलेल्या जिन्नसांपुढे तारा छापतात. सॅलडला कोणतं तेल, तळणाला कोणतं, ते लिहितात. आणि शेवटच्या पानावर दोन वाक्यं, जी अप्पाने चष्मा वर-खाली करत तीनदा वाचली. पहिलं असं की, रीतसर पावती मिळाली नाही तर गिऱ्हाइकावर पैसे देण्याचं बंधन नाही. दुसरं असं की, तक्रारीचे छापील अर्ज दाराशेजारी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे.

"दाराशेजारी!" अप्पाचा आवाज भरून आला. "जागासुद्धा सांगितलीय रे!" त्याने त्या पानाचा फोटो काढला. ॲक्रोपोलिसचा काढला नव्हता.

पाव आला. न मागवता. ग्रीसमध्ये पाव येतोच आणि माणशी थोडे पैसे बिलात लागतात, हे अप्पाला पाठ होतं. "बघ, सुरू झालं," असं म्हणून त्याने टोपली मालकिणीकडे परत सरकवली. बाईने एक तुकडा दाबून बघितला, मान हलवली, आणि मुलावर ग्रीकमध्ये ओरडली. पाव शिळा निघाला म्हणून पाहुण्यांनी परत केला, असा तिचा समज झाला. पाच मिनिटांत भट्टीतला गरम पाव आला. सोबत ऑलिव्हची वाटी आणि ऑलिव्ह तेल. बाई स्वतः उभी राहिली आणि अप्पाने एक घास खाईपर्यंत हलली नाही.

मासे बघायला वहिनी आत गेल्या. वहिनी मालवणच्या. माशाच्या बाबतीत अप्पा त्यांच्या मागे उभा राहतो, हे त्याच्या शहाणपणाचं लक्षण. ताजे मासे इथे किलोने विकतात. तुम्ही निवडायचे, त्यांनी तोलायचे, मग निखाऱ्यावर जातात. वहिनींनी एका मोठ्या माशाचे कल्ले उचकटून पाहिले आणि मान डोलावली. बाईने मात्र डोकं किंचित मागे टाकून भुवया उंचावल्या. ग्रीक माणसाचं 'नाही' असं असतं. तो कालचा आहे, तिने मुलाकरवी सांगितलं. हे छोटे आज सकाळचे, आणि स्वस्तही आहेत.

आपल्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार अप्पाने पहिल्यांदाच पाहिला. "ही उलटी चाल आहे," बाहेर येऊन तो म्हणाला. "आधी विश्वास कमवायचा." तरी छोटे मासे तोलताना तो काट्याजवळ गेला, आणि मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "शून्य पाहिला." मुलाला वाटलं, हा भारतीय आशीर्वाद असावा. तोही तसंच काहीतरी म्हणाला.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, लिहिलं तर हा लेख हातचा जाईल. जवाच्या खडखडीत पावावर टोमॅटोचा कीस, वर मिझिथ्रा हे ओलं चीज आणि तेल, त्याला दाकोस म्हणतात. वहिनींनी रानभाज्या उकडून लिंबू पिळलेलं होर्ता मागवलं. आणि बुरेकी. भोपळ्याच्या जातीची इथली कोवळी काकडीसारखी भाजी, बटाटा, मिझिथ्रा आणि पुदिना यांचे थर लावून भाजलेली हानियाकडची ही खासियत. पहिल्या घासानंतर वहिनी ताटली हातात घेऊन उठल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. तिथे अर्धा तास होत्या. एकीला ग्रीकशिवाय येत नव्हतं, दुसरी मालवणी बोलत होती. मधूनमधून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता.

जेवण संपलं आणि काहीच झालं नाही. बिल आलं नाही. ग्रीसमध्ये मागितल्याशिवाय बिल येत नाही. एका कॉफीवर दुपार काढली तरी कोणी उठवत नाही. आम्ही सैलावलो. अप्पा खुर्चीच्या पुढच्या कडेवर होता. "बसायचे लावणार," तो म्हणाला.

मग द्राक्षं आली. मागोमाग मध घातलेली स्फाकियाची पातळ, चीज भरलेली पोळी, आणि राकीची एक सुरई, आठ इवलेसे पेले. यातलं काही आम्ही मागवलं नव्हतं.

"आम्ही हे मागवलेलं नाही," अप्पा मुलाला म्हणाला. मुलगा हसला. "नोंद असू दे," अप्पाने आम्हालाही सांगितलं, "आपण हे मागवलेलं नाही." मालकिणीने छातीवर हात ठेवून काहीतरी सांगितलं, जेवणानंतरची ही भेट घराकडून असते, मन्या म्हणाला, सगळीकडेच असते. शिऱ्याने तोवर दोन पेले संपवले होते. अप्पाने द्राक्षाला हात लावला नाही. "बिलात कोणत्या नावाने येतंय बघू," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात आता धमकी नव्हती; आशा होती.

शेवटी बिल मागवलं. अप्पाने वाचायचा चष्मा लावला, फोनमध्ये कॅल्क्युलेटर उघडला आणि बोट ठेवून एकेक ओळ तपासली. पाव: लावला नव्हता. राकी: नाही. द्राक्षं, पोळी: नाही. मासे: तोलल्याप्रमाणे. त्याने बेरीज केली, पुन्हा केली. मग चष्मा काढून आमच्याकडे बघितलं. असा चेहरा मी त्याच्या मुलीच्या पाठवणीलाही पाहिला नव्हता.

"बुरेकी नाहीये," तो म्हणाला. "आठ युरो कमी लागलेत."

शिऱ्या म्हणाला, "मग चल की!" आणि त्याने अप्पाची अशी नजर झेलली की तो पुन्हा पाण्यात पाय सोडून बसला. कारण आता प्रश्न साधा राहिला नव्हता. अप्पाच्या कायद्यात फसवणूक ती फसवणूक, मग ती कोणाच्या बाजूने का होईना. अप्पाने बिल मुलासमोर धरलं. मुलाने आईला विचारलं. आईने डोकं मागे टाकून भुवया उंचावल्या. बुरेकीचे पैसे घ्यायचे नाहीत. तुमची बायको आत आली, कशी करतात ते शिकली, आपल्या हाताने थर लावले. शिकवलेल्याचे पैसे कोण घेतं?

"ठीक आहे," अप्पा शांतपणे म्हणाला. हा त्याचा शांतपणा आम्ही ओळखतो. आरटीओतही तो असाच होता. "पण पदार्थ दिला, आणि पावतीवर नाही. म्हणजे पावती अपुरी. अपुरी पावती रीतसर नव्हे. रीतसर पावती नसेल तर आमच्यावर पैसे देण्याचं बंधन नाही, असं तुमच्याच कार्डावर छापलंय. म्हणजे मी हे बिल दिलं काय न दिलं काय, आठ जणांचं जेवण फुकट खाल्ल्याचा ठपका माझ्यावर येतो!"

मन्याने हे इंग्रजीत सांगितलं, मुलाने ग्रीकमध्ये. ते ग्रीकमध्ये पोचेपर्यंत त्यातलं काय उरलं असेल कोण जाणे. बाईने अप्पाचा गाल चिमटीत धरून हलवला आणि त्याच्यापुढे राकीचा पेला सरकवला.

अप्पा उठला. सरळ दाराशी गेला. तिथे भिंतीला खरोखरच एक पेटी होती. तिच्यात मासे धरायच्या दोऱ्याचं रीळ, एक पेचकस, तमालपत्राची जुडी, आणि तळाशी धुळीने माखलेले तक्रारीचे अर्ज. त्याने फुंकर मारली, खिशातलं पेन काढलं आणि उभ्यानेच लिहायला सुरुवात केली. सदर उपाहारगृहाने गिऱ्हाइकाकडून बुरेकी या पदार्थाचे देय असलेले आठ युरो वारंवार मागणी करूनही स्वीकारण्यास नकार दिला. तसेच पाव, द्राक्षे, पोळी व पेय न मागवता पुरवून त्यांचीही आकारणी केली नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. खाली तारीख, सही, पुण्याचा पत्ता पिनकोडसह.

मुलाने तो अर्ज आईला वाचून दाखवला. मग तिने सांगितलं म्हणून शेजारच्या टेबलांनाही. एका म्हातारबुवांनी पुन्हा वाचायला लावला. बाई मात्र हसली नाही. तिने हात पुसले, चष्मा मागवला आणि अर्जाखाली गंभीरपणे सही केली. ही गोष्ट अप्पाला फार आवडली. रीतसर काम म्हणून त्याने तिच्याशी हस्तांदोलन केलं, आणि त्या गडबडीत राकीचा पेला केव्हा रिकामा झाला हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

बोटीचा भोंगा वाजला. चिठ्ठीवर दोन रेघा ओढलेली तीच शेवटची बोट. आम्ही पळालो. पळताना अप्पाने आठ युरो पेल्याखाली ठेवले हे मी पाहिलं. ते मालकिणीच्या मुलानेही पाहिलं असावं, कारण धक्क्यावर आम्ही बोटीच्या फळीवर पाय ठेवतोय तोच तो मागून धावत आला, अप्पाच्या शर्टाच्या खिशात नाणी कोंबली आणि परत पळाला. अप्पा त्याच्यामागे निघाला होता. वहिनींनी मनगट धरून ठेवलं. फळी वर गेली.

बोटीवर सामारियाची सोळा किलोमीटरची घळ उतरून आलेले लोक होते, बूट काढून, पाय पसरून, अर्धवट झोपेत. सगळ्यांत दमलेला अप्पा दिसत होता. "काहीतरी आहे यात," तो सारखा म्हणत होता. "रस्ता नाही, पर्याय नाही, आणि तरी... काहीतरी आहे."

त्या रात्री आमच्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे त्याने दिवसाचा हिशेब टाकला. डिझेल, दही, तिकिटं, जेवण, माणशी किती, कोणाचं कोणाकडे किती. तळाला वेगळी ओळ: 'लुत्रो, बुरेकी, देणे, 8 युरो.' बाकी सगळे व्यवहार चार दिवसांत मिटले. ही ओळ मिटली नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती पुढे ओढली जाते. परवा माझ्या भाचीचं लग्न ठरलं, मधुचंद्राला ग्रीसला जाणार असं मी सहज बोलून गेलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दारात. हातात पाकीट, पाकिटात आठ युरो सुटे, सोबत हाताने काढलेला नकाशा. बोट कुठे लागते, खानावळ कितवी, पेटी दाराच्या कोणत्या बाजूला. मुलीच्या नवऱ्याला नीट समजावून सांग, म्हणाला, पैसे म्हातारीच्याच हातात द्यायचे, मुलाच्या नाही, आणि काही खायला दिलं तर खाऊ नका, पुन्हा पंचाईत.

जिना उतरता उतरता मागे वळला.

"आणि पावती आणायला सांग."